आजोबा, परत ठेवायचं असतं!

पालघर स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभे राहिले की एक सूचना हमखास कानावर पडते. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. ११ जुलै २००६ रोजी आपल्या पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, तेव्हापासून तर ही सूचना अगदी हाडीमाशी खिळली आहे. प्लॅटफॉर्मवर एखादी पिशवी एकटी दिसली की आम्ही चार पावले लांब सरकतो.

अशा माणसाला २०१३ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत लेकीकडे गेलेलो असताना, नऊ वर्षांचा नातू सकाळी सकाळी म्हणाला, "आजोबा, चला, झाडीत कोणीतरी डबा लपवलाय, तो शोधायला जाऊ." पोटात गोळाच आला! लेक हसायला लागली. म्हणाली, "बाबा, खेळ आहे तो. जिओकॅशिंग म्हणतात. जा तुम्ही, तेवढाच तो टीव्हीसमोरून उठेल."

लेक पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहते. तिथे आपली मराठी मंडळी पुष्कळ. घरामागे एक मोठी बाग आणि ओढा. नातवाच्या हातात फोन, त्यावर अक्षांश-रेखांश. आता गंमत पाहा, तीस वर्षे मी पोरांना अक्षांश-रेखांश फळ्यावर शिकवले. पालघर साधारण १९ अंश ४२ मिनिटे उत्तर, ७२ अंश ४६ मिनिटे पूर्व, हे पाठ करून घेतले. पण त्या आकड्यांचा उपयोग करून आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू शोधली ती साठी ओलांडल्यावर, आणि तीही नातवाचे बोट धरून.

वीस मिनिटे शोधले. शेवटी एका कुजलेल्या ओंडक्याच्या पोकळीत, सालीच्या तुकड्याखाली, जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी सापडली. आत कागदाची बारीक गुंडाळी, तिच्यावर तारखा आणि नावे. नातवाने आपले नाव लिहिले, माझे लिहायला लावले. मी देवनागरीत लिहिले. आणि मग सवयीने, म्हणजे सापडले ते आपले या सवयीने, मी ती डबी खिशात टाकली.

नातवाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आजोबा, परत ठेवायचं असतं! होतं तस्सं!"

त्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी दिवस विचार करत होतो, आजही करतो. म्हणून हे लिहायला बसलो.

हा खेळ कसा सुरू झाला ते आधी सांगतो, कारण इतिहास शिकवणाऱ्याला सनावळीशिवाय चैन पडत नाही. जीपीएस ही अमेरिकन लष्कराची यंत्रणा. सामान्य माणसाला तिचे संकेत मिळायचे, पण मुद्दाम थोडे बिघडवून. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. शंभर मीटर म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानाची लांबी. एवढ्या चुकीत डबी कुठली सापडायला! राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हा मुद्दाम केलेला बिघाड थांबवायचा हुकूम दिला आणि १ मे २०००च्या मध्यरात्री तो थांबला. (आपल्याकडे तेव्हा महाराष्ट्र दिनाची सुट्टी संपून २ तारीख उजाडली होती.) चूक एकदम वीस मीटरच्या आत आली.

लगेच दोन दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली. आत वही, पेन्सिल आणि काही चीजवस्तू: पुस्तके, व्हिडिओ कॅसेट, एक गलोल आणि चक्क घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा. जागेचे आकडे त्याने इंटरनेटवर जाहीर केले. अट एकच, काही घ्या, काही ठेवा आणि वहीत लिहा. तीन दिवसांच्या आत माइक टीग नावाचा माणूस तिथे पोचलाही. महिनाअखेरीस मॅट स्टम याने 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवले आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश याने सगळ्या डब्यांची एकत्र नोंद सुरू केली. तेव्हा जेमतेम ७५ डबे होते. आज जगभरात तीस लाखांहून जास्त आहेत. २००८ साली रिचर्ड गॅरियट हा अवकाशयात्री तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही एक नोंदवून आला. तिथे शोधायला कोण जाणार, हा भाग वेगळा.

लेकीच्या घरापासून ती मूळ जागा तासाभराच्या अंतरावर. जावयाने एका रविवारी नेले. बादली अर्थातच केव्हाच गेली, २००३ साली तिथे एक लोखंडी पाटी बसवली आहे. रस्त्याकडेची साधी जागा, उंच झाडे, बाकी काही नाही. आपल्याकडे असती तर एव्हाना शेजारी वडापावची गाडी लागली असती. पण मला ती जागा आवडली.

तसे पाहिले तर खेळ फार जुना. इंग्लंडात डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर पोचेल त्याने आपले कार्ड आत टाकायचे. त्यातून तिकडे 'लेटरबॉक्सिंग' चालू झाले. पुढे नुसती उपग्रहांची भर पडली.

आता खेळाचे रीतिरिवाज. हे मला नातवाने तुकड्या-तुकड्यांनी शिकवले, कारण नियमावली इंग्रजीत आणि लांबलचक. डब्यातून काही घेतले तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचे काही ठेवायचे. खाऊ ठेवायचा नाही, वासाने जनावरे डबा फोडतात. चाकू-सुरी, दारू, औषधे ठेवायची नाहीत. जमीन खणून पुरायचे नाही. (पहिली बादली अर्धवट पुरलेलीच होती, म्हणजे आद्यपुरुषानेच नियम मोडला म्हणायचा! पण नंतर लोक कुदळी घेऊन रानात जायला लागतील म्हणून हे बंद झाले.) जुन्या भिंतीचे दगड हलवायचे नाहीत. ज्याची जमीन त्याची परवानगी घ्यायची. जाता-येता कचरा दिसला तर उचलून आणायचा. आणि जागा फोडायची नाही. आपल्याला सापडली म्हणून दुसऱ्याचा शोध बिघडवायचा नाही.

या सगळ्याला पोलीस नाही, दंड नाही. कोणी पाहत नसताना पाळायचे नियम आहेत हे. नातू ते पाळत होता. आणि त्याचे आजोबा, निवृत्त शिक्षक, डबी खिशात घालून निघाले होते!

परत आल्यावर मी आपल्या भागाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. लपवलेल्या वस्तूशी आपले नाते काय? आपल्याकडे त्याला एकच शब्द, गुप्तधन. ज्या किल्ल्यावर जावे तिथे कोणीतरी खणलेले दिसते. बुरुजाच्या पायाशी खड्डा, देवळीमागचा दगड उपटलेला, लिंबू-हळद-कुंकू पडलेले. पोर्तुगीज पळताना सोने पुरून गेले, ही आमच्या किनाऱ्यावरची सर्वांत चिवट दंतकथा. १७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी माहीम, तारापूर घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई आली. ज्या किल्ल्यासाठी एवढा मोठा सरदार गेला, त्या किल्ल्यात लोकांना दिसते काय, तर न सापडलेला हंडा!

खरे म्हणजे आमच्या भागात लपलेला ठेवा एकदा सापडलेला आहे, आणि तो सोन्याहून मोलाचा निघाला. तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी. तिथे १९५०च्या दशकात जमिनीतून ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ चा. त्यात काय असावे? आपल्या शेजारच्या संजाणचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने एक अरब अधिकारी पाहत होता. त्याचे नाव ताम्रपटात 'मधुमती' असे दिले आहे, म्हणजे महंमद. त्याने नदीवर लोकांसाठी फुकट नाव ठेवली, अन्नछत्र घातले, तिथे तांदूळ, कालवण आणि तूप मिळे. आणि त्याच्याच कारकिर्दीत एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन दिली गेली. हजार-अकराशे वर्षांपूर्वीची ही हकिगत. दुसऱ्या एका पत्र्यात, शिलाहार छित्तराजाच्या काळातल्या (शके ९५६), त्याच मठाला दिव्याच्या तेलासाठी घाणा दिल्याची नोंद. मी वर्गात राष्ट्रकूटांचा धडा शिकवायचो तेव्हा पोरे जांभया द्यायची. अरे, तुमच्या मामाच्या गावात निघालेत हे पत्रे, असे सांगितले की जरा ताठ बसायची.

हा डबाच की नाही? तांब्याची पाने, कडीत ओवलेली, वर शिक्का, कोणी कोणाला काय दिले त्याची नोंद. ज्याला सापडले त्याने ते भंगारात वितळवले असते तर मधुमती आपल्याला कळला नसता. अशी किती पाने कासाराच्या भट्टीत गेली असतील, देव जाणे.

सापडलेल्या वस्तूंसाठी इंग्रजांनी १८७८ साली कायदाच केला. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचे. आणि त्याआधीच्या राजांचा कायदा त्याहून कडक. ताम्रपटाच्या शेवटी शाप असतो, हे दान जो मोडील तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोकणात गद्धेगाळ उभे केले. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवाचे चित्र. ते चित्र कसले ते वर्गात सांगण्याजोगे नव्हते, इथेही नाही. मुंबईतला परळचा शिलालेख, शके ११०८ चा, असाच. वस्तू जागच्या जागी राहावी यासाठी आपल्या पूर्वजांना गाढव आणावे लागले. आणि तिकडे नऊ वर्षांचे पोर नुसते म्हणते, परत ठेवायचं असतं.

पण मी इतरांना बोलतो आहे. आता स्वतःचे सांगतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, आमच्या हिलादेखील नाही.

१९६५ साली, नववीत असताना, शाळेची सहल शिरगावच्या किल्ल्यावर गेली होती. पालघरहून सातपाटीला जाताना लागतो तो. त्याच्या आसपासची फांद्या फुटलेली ताडाची झाडे सगळ्यांना माहीत आहेत. मास्तर खाली डबे उघडून बसले होते. मी आणि माझा मित्र वर जिन्यापाशी. कंपासपेटीतले कर्कटक माझ्या खिशात होते. चुन्याचा गिलावा मऊ असतो. मी माझी तीन आद्याक्षरे आणि खाली १९६५ असे कोरले. चांगले बोटभर खोल. अक्षर वळणदार होते, तेव्हापासूनच.

१९८७ साली मी स्वतः शिक्षक म्हणून पोरांना तिथे घेऊन गेलो. एक मुलगा कोळशाने भिंतीवर नाव लिहीत होता. मी त्याला सगळ्यांसमोर पट्टी मारली आणि ऐतिहासिक वास्तू म्हणजे काय यावर पंधरा मिनिटे बोललो. बोलून संपतो तोच दुसरा एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "सर, हे बघा, इथे पण कोणीतरी लिहिलंय, पासष्ट साली."

आद्याक्षरे तर माझी होतीच, माझ्या वह्या तपासणाऱ्या सहीचीच होती. पोराला ते कळले की नाही, मला माहीत नाही. तो माझ्याकडे पाहत होता. मी "चला, उशीर होतोय" म्हणालो आणि खाली उतरलो. कोळसा पुढच्या पावसात धुऊन गेला असेल. माझे अक्षर अजून तिथे आहे. मी दोन वर्षांपूर्वी जाऊन पाहून आलो.

ज्याला पट्टी मारली तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. हे कधी त्याच्या वाचनात आले तर, बाबा रे, मला माफ कर.

माणसाला आपले नाव लिहावेसे वाटते, हे मात्र मी आता चूक मानत नाही. मी इथे आलो होतो, एवढेच त्याला सांगायचे असते. फक्त ते कुठे लिहायचे हा प्रश्न आहे. आशेरीगडावर जा. हायवेवरून मस्तान नाक्याच्या पुढे खोडकोना गावातून वाट आहे. माथ्याजवळ पोर्तुगीजांचे राजचिन्ह कोरलेला दगड पडलेला आहे. तेवढे चढून जाऊन, दम टाकत, लोक काय करतात, तर कातळावर ऑइलपेंटने बदाम काढतात. काळदुर्गाच्या कातळावर तेच. त्यांना जर कोणी तिथे एक वही दिली असती तर?

आपल्याकडे अशी वही आहे हे मला फार उशिरा कळले. आई गेल्यावर, १९९८ साली, आम्ही भावंडे त्र्यंबकेश्वरला गेलो. तिथल्या उपाध्यायांनी आमचे आडनाव आणि गाव विचारले, आत गेले आणि एक लांबट, कापडात बांधलेली वही घेऊन आले. पाने उलटता उलटता थांबले आणि म्हणाले, "हे तुमचे आजोबा." मोडीत सही. शके १८४९, म्हणजे १९२७. आजोबांना मी पाहिलेले नाही. त्यांचा फोटोही घरात नाही. पण 'म'च्या वळणावर शाई जरा जास्त सांडली होती, म्हणजे तिथे बोरू थांबला होता. ते मला दिसले. त्यांच्याखाली काकांची नोंद होती, आणि तिच्याखाली आमच्यासाठी जागा. आम्ही तिघांनी नावे लिहिली, मुलांची लिहिली, आणि त्यांनी वही पुन्हा कापडात बांधून आत नेली.

त्या वहीतून काही काढून न्यायचे कोणाच्या मनातही येत नाही. पोर्टलंडच्या ओंडक्यातल्या त्या कागदाच्या गुंडाळीवर मी नाव लिहिले तेव्हा ही वही मला आठवायला हवी होती. आठवली ती घरी परतताना विमानात.

आता नातवाचे पुढचे ऐका. तो डिसेंबर २०२२ मध्ये इकडे आला, अठरा वर्षांचा, माझ्याहून हातभर उंच. आल्या आल्या म्हणाला, काळदुर्गावर एक डबा ठेवायचा. मी खूश झालो, पण मग आम्ही दोघे बसून विचार करू लागलो आणि एकेक अडचण पुढे आली.

पहिली, हा खेळ गुपचूप खेळायचा असतो. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांना तिकडे 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरच्या गोष्टीतला शब्द. मगलाच्या नजरेस न पडता डबा काढायचा आणि ठेवायचा. आता आमच्या भागात झुडपात कोणी पाच मिनिटे वाकून पाहिले तर सहावे मिनिट उलटायच्या आत मागून आवाज येतो, "मास्तर, काय हरवलं?" आपल्याकडे सगळेच पाहतात. आणि अनोळखी माणूस असला तर नुसते पाहून थांबत नाहीत. १६ एप्रिल २०२०च्या रात्री आपल्या जिल्ह्यात गडचिंचले इथे काय झाले ते मला पुन्हा लिहवत नाही. चोर आल्याच्या, मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या आणि जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांचा जीव घेतला. गाडी अडवली गेली ती केवळ संशयाने. अशा ठिकाणी परगावचा पोरगा हातात फोन घेऊन झाडाच्या बुंध्यात हात घालत फिरतो आहे, ही कल्पनाच नको. नातवाला मी म्हटले, तुमचा मगलापासून लपायचा नियम इथे उलटा करावा लागेल. आधी पाड्यावर जायचे, पाटलाला नाहीतर ज्याचे घर वाटेवर त्याला सांगायचे, पाणी प्यायचे, मग डोंगर चढायचा.

दुसरी अडचण तारापूर. १९६९ पासून तिथे देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे. बोईसरपासून किनाऱ्यापर्यंत बंदोबस्त असतो. तिथे कुठे कोपऱ्यात बंद डबा सापडला तर काय होईल ते सांगायला नको. इंग्लंडमध्ये वेदरबी गावात २०११ साली असाच एका खेळाडूचा डबा बॉम्बशोधक पथकाने उडवून दिला होता, आणि त्या गावात तर अणुभट्टीही नाही. तारापूरच्या किल्ल्याचाही विचार केला, पण तो खाजगी मालकीचा, आत झाडे-वाडी. विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही.

काळदुर्गाची वाट वाघोबा खिंडीतून चढते. खिंडीत वाघोबाचे ठाणे. मनोरकडे जाणारे गाडीवाले हात जोडतात, नारळ फोडतात. वारली मंडळींचा हा जुना देव, बिबट्याच्या राज्यात शिरताना त्याची आठवण ठेवायची. माकडे इतकी की हातातली पिशवी ओढून नेतात. डब्यात खाऊ नको हा अमेरिकन नियम त्या माकडांनीच केला असावा! नातू वाघोबापुढे बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "इथे लोक काहीतरी ठेवून जातात, घेऊन कोणी जात नाही." मी म्हटले, माकडे सोडून.

पण खरी अडचण नियमातच निघाली. प्रवासाला आलेल्याने डबा ठेवून निघून जायचे नाही. ज्याने ठेवला त्याने त्याची देखभाल करायची, वही भिजली तर बदलायची, डबा फुटला तर दुसरा ठेवायचा. तो राहणार ओरेगनला. म्हणजे दर पावसाळ्यानंतर काळदुर्ग चढणार कोण? त्याने माझ्याकडे पाहिले. मी माझ्या गुडघ्यांकडे पाहिले. विषय संपला.

शेवटी डबा ठेवला तो आमच्या माहीमच्या वाडीत. जमीन आमची, परवानगी माझी, देखभाल माझी. जगाच्या नोंदीत तो नाही, फक्त आपल्या माणसांसाठी आहे. पहिला डबा आमच्या हिने दिलेला स्टीलचा, घट्ट झाकणाचा. जून-जुलैत आतून घामेजला आणि वहीचा लगदा झाला. नातवाचे पहिल्या पानावरचे नाव त्यात गेले, त्याने फोनवर "इट्स ओके, आजोबा" म्हटले पण मला हळहळ वाटली. मग प्लॅस्टिकचा, रबरी कडीचा डबा आणला, आत नव्या बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या टाकल्या. ही वही तीन पावसाळे टिकली आहे. पेनऐवजी पेन्सिल ठेवली आहे, शाई दमटाने पसरते. अल्मरच्या बादलीतही पेन्सिलच होती.

आतापर्यंत वहीत चौदा नोंदी आहेत. नातवाचे नाव त्याच्या सांगण्यावरून मी लिहिले आणि खाली "तर्फे आजोबा" असे घातले. नारळ पाडायला येणाऱ्या गड्याने सहीऐवजी माडाचे झाड काढले आहे, फार सुरेख. पुण्याच्या वहिनींनी दोन पाने भरून लिहिले आहे, तेवढ्यात कोणाचे काय चुकले तेही आले आहे. एक नोंद कोणाची ते मला लागत नाही. नुसती तीन आद्याक्षरे आहेत, आणि ती माझी नव्हेत.

तर मंडळी, वाडीत याल तेव्हा शोधा. जागा सांगणार नाही, पण खणावे लागत नाही आणि विहिरीच्या कठड्याचा एकही दगड हलवायचा नाही. नाव लिहा, तारीख घाला. आणि दिवाळीला आलेल्यांपैकी कोणीतरी पेन्सिल घरी नेली आहे, ती तेवढी परत आणा.